पिवळ्या दिव्याची फिर्याद

माळेगावच्या यात्रेहून नांदेडकडे परतत असताना लोहा जवळ येताच माझ्या मोटारीने दोनचार हिसके दिले आणि समोरच्या फलकावरील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा काही वेळ लुकलुकून मग स्थिर झाला. चावी फिरवली की क्षणभर लागावे आणि इंजिन सुरू होताच विझावे, हा त्याचा रोजचा शिरस्ता. तो मोडलेला पाहून मन अस्वस्थ झाले. हमरस्त्यालगतच्या गॅरेजात गाडी उभी केली, तेव्हा बॉनेटला हातही न लावता, केवळ आवाजाकडे कान देऊन मिस्त्री म्हणाले, "सर, गाडी मिसिंग मारायली. मशीन लावून बघू."

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचे झाले आणि पुढे तोच घाट जगभर रूढ झाला. त्यात मशीन जोडताच पडद्यावर उमटले : पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे. हे यंत्राला उमगते कसे, याचे मला विलक्षण कौतुक वाटते. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत संथ चालले असता प्रत्येक सिलिंडरात चारशे वेळा ठिणगी पडते आणि दर ज्वलनासरशी क्रँकला धक्का मिळून त्याची गती किंचित वाढते. ज्या पाळीला ती वाढत नाही ती पाळी कोणत्या सिलिंडरची, हे क्रँकजवळचा सेन्सर अचूक टिपतो.

परंतु पी ०३०२ ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. गुन्ह्याची जागा तिने दाखविली; गुन्हेगार प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर किंवा उतरलेले कॉम्प्रेशन यांपैकी कोणीही असू शकतो. मिस्त्रींनी एकही नवा भाग न मागवता दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसविली, तिसऱ्याची दुसऱ्यावर घातली, जुनी नोंद पुसली आणि इंजिन चालू ठेवले. थोड्याच वेळात पिवळा दिवा पुन्हा लागला. या खेपेस पडद्यावर पी ०३०३ होते. कॉइलबरोबर दोषानेही घर बदलले होते! याहून निर्विवाद पुरावा कोणत्या अदालतीत सादर होईल?

लुकलुकणाऱ्या दिव्याची मात्र हयगय करू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरते, तेथे पेट घेते, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप दिलेली त्याची मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू लागते. म्हणून वेग तत्काळ कमी करून, शक्य तितक्या लवकर गाडी बाजूस घ्यावी. स्थिर दिवा गॅरेजपर्यंत सावकाश जाण्याची मुभा देतो, तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा तीही देत नाही. मुळात हा पिवळा दिवा धुराचा पहारेकरी आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा मानके लागू झाल्यावर त्याची नजर अधिकच कडक झाली आहे.

मागे एका गॅरेजात केवळ नोंद पुसून माझ्याकडून पैसे घेण्यात आले होते आणि चौथ्या दिवशी दिवा परत लागला होता. दोष घडला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, भार किती होता, याचा पंचनामाही त्या नोंदीबरोबर नष्ट होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दुरुस्ती खरी असेल, तर सामान्यतः लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. तेव्हा वाचकहो, पुसण्याचे बटण दाबू देण्यापूर्वी तो क्रमांक कागदावर लिहून घ्या.