थंडी नाही, ढग नडतात

चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा नऊ-दहा अंशांवर उतरला की छत्रपती संभाजीनगरात हुडहुडीच्या बातम्या सुरू होतात. पैठण तालुक्यात, पाचोडच्या आसपास शेती करणाऱ्या आम्हा लोकांना मात्र तो आकडा वाचून बरं वाटतं. शहरातल्या पाहुण्यांना हे सांगितलं तर ते हसतात. पण रब्बीला थंडी लागतेच. डिसेंबरात आभाळ भरून आलं आणि रात्री अंगावर पांघरूण नको वाटायला लागलं, की माझा जीव खालीवर होतो.

पेपरातल्या आकड्याची एक गंमत आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार पेटीत असतो. पीक जमिनीलगत. निरभ्र रात्री जमीन दिवसभराची ऊब आभाळात सोडून देते, त्यामुळे मातीलगतची हवा त्याहून दोन-चार अंश गार होते. शिवाय गार हवा जड. ती उतारानं येऊन खोलगट रानात साचते. माझ्या माळावरच्या तुकड्यात आणि ओढ्याकाठच्या रानात एकाच पहाटे दोन वेगळे हिवाळे असतात. ढग आले की ते गोधडीसारखे वर पसरतात, ऊब खालीच कोंडते आणि सकाळी सगळं दमट होऊन बसतं.

गव्हाचं घ्या. थंडी असली तर त्याला फुटवे जास्त येतात, वाढ सावकाश होते आणि दाणा भरायला वेळ मिळतो. ऊन लवकर तापलं तर पीक घाईनं पिकतं आणि दाणा बारीक राहतो. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, पुढे प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरा, असं कृषी विद्यापीठं सांगतात. सांगणं खरं आहे, पण तेव्हा आमच्या रानात कपाशी उभी असते. शेवटच्या वेचणीचा मोह सुटत नाही आणि गव्हाची थंडी निघून जाते.

हरभरा तर थंडीचाच गडी. त्याच्या पानांवरच्या केसांतून आंबट द्रव पाझरतो. पहाटे दवासोबत तो पातळ फडक्यावर टिपून घेतला की झाली आंब. पोटदुखीवर ती आमची आजी बाटलीत भरून ठेवायची. थंड, कोरड्या हवेत हरभरा घाटे धरतो. दोन-तीन दिवस ढगाळ गेले की घाटेअळी दिसायला लागते. म्हणून हरभरा पेरताना मी ज्वारीचे चार दाणे मध्येमध्ये टाकतो. ती ताटं उंच वाढतात, पक्षी त्यांवर बसतात आणि अळ्या टिपतात. फवारणी टळतेच असं नाही, पण एखादी तरी कमी होते.

ज्वारीचंही तेच. मालदांडी जमिनीच्या ओलीवर आणि थंडीवर निघते. ढगाळ हवेत तिच्यावर मावा येतो, पानं चिकट होतात. आम्ही म्हणतो, चिकटा पडला. मग कडबाही काळा पडतो. थंडी अजिबातच बाधत नाही असं मात्र नाही. ती लांबली तर कांद्याला डेंगळे येतात. जालन्याकडे कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात मणी फुगायचे थांबले की माणसं धास्तावतात.

पण माझा जीव खरा अडकतो मोसंबीत. आंबे बहार धरायचा तर झाडाची वाढ आधी थांबवावी लागते. पावसाळा सरला की पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो, काळ्या भारी रानात दीड-दोन महिने लागतात. पानं मलूल होतात, काही गळतात. वाढ थांबल्यामुळे झाडात साठलेलं अन्न फुलांच्या कामी येतं. जानेवारीत खत घालून आधी आंबवणीचं हलकं पाणी, मग चिंबवणीचं, आणि पुढे फुलांनी बाग पांढरी होते. या सगळ्याला कोरडी थंडी साथ देते. मध्येच अवकाळी पडला तर ताण मोडतो, झाड फुलाऐवजी पालवी काढतं आणि पुढच्या सप्टेंबरातला माल तिथंच कमी होतो. 26 नोव्हेंबर 2023 ला मराठवाड्यात वादळी पाऊस झाला, काही भागांत गाराही पडल्या. फुटलेली कपाशी भिजली, तुरीचा फुलोरा झडला. ते सगळ्यांना दिसलं. ताण मोडलेली मोसंबी मात्र वरून हिरवीगार दिसते, त्यामुळे तिचं नुकसान पाहणी करणाऱ्याला पटवून देणं अवघड जातं.

म्हणून मी किमान तापमानाचा आकडा नंतर वाचतो. आधी मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या कृषी विद्यापीठातून येणारा हवामान सल्ला उघडतो आणि आभाळ ढगाळ राहणार का, वारा कुठून येणार, हे बघतो. उत्तरेचा कोरडा वारा असेल तर निवांत. बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतंय असं दिसलं की फवारणीचा पंप धुवून ठेवतो.

त्या सल्ल्यात थंडीच्या लाटेसाठी एक वाक्य ठरलेलं असतं: संध्याकाळी हलकं पाणी द्या, पहाटे बांधावर धूर करा. त्यातल्या पाण्यामागचं विज्ञान पक्कं आहे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्रभर हळूहळू सोडते. पण आमच्याकडे थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळेल असं 2017 पासून ऐकतोय. आमच्या फीडरपर्यंत ती पोचायची आहे. तोवर रात्रपाळीच्या आठवड्यात गव्हाला दोन वाजता दारं धरावं लागतं. पिकाला ते पाणी मानवतं, आपले पाय बधिर होतात. हल्ली बिबट्याचीही भीती आहे, म्हणून एकट्यानं जायचं नाही असं घरातून बजावलंय; शेजारचा आणि मी एकमेकांच्या रानात आळीपाळीनं जातो.