एसएसडीला घरघर लागत नाही!

डोक्यावरून विमान घरघरत उतरतंय, कुकरची तिसरी शिट्टी झालीय आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन निळाशार! बडोद्याच्या हरणीत, विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांना घरघर काही नवी नाही. पण माहीत आहे का? कॉम्प्युटरमधली एसएसडी, म्हणजे चिपवाली ड्राइव्ह, मरते तेव्हा तिला घरघरही लागत नाही! जुनी हार्डडिस्क बिचारी कटकट करून आधी कळवायची. एसएसडीच्या पोटात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती जाते ती गुपचूप.

आता हरणीचा भीडभंजन हनुमान घ्या. मराठीत भीड म्हणजे संकोच, गुजरातीत भीड म्हणजे संकट! तेव्हा संकट आलं की भीड सोडा आणि कॅबिनेट उघडा. (आधी प्लग काढा, प्लीज.)

आमच्याकडे असंच संकट आलं. दिवाळीची साफसफाई झाली आणि दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप म्हणे, 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. आतेभावाने लांबूनच निदान केलं, "गेली. नवी घे." बायोसमध्ये पाहिलं, तर ड्राइव्हचं नावच गायब. झाकण काढलं. साटाची लाल केबल पोर्टमध्ये तिरकी लटकत होती, झाडूच्या फटक्याने अर्धी निसटलेली. दाबली. टक्! विंडोज हजर. खर्च शून्य रुपये. दंड म्हणून आतेभावाकडून सेव-उसळ वसूल केली, तर्री वेगळी.

केबल नसलेली, च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू ड्राइव्ह आहे? तिच्यावरचं '२२८०' हे मॉडेल नव्हे, चक्क माप आहे: रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर. आणि एवढा सगळा संसार तोललाय एका इवल्याशा स्क्रूवर. तो ढिला झालाय का, तेही बघा.

माहीत आहे का? काही एसएसडींना चक्क घड्याळ नडलंय! क्रुशियलची एम-फोर ही ड्राइव्ह एकूण ५,१८४ तास चालली की क्रॅश व्हायची. रीस्टार्ट केलं की तासाभराने पुन्हा धडाम! २०१२ च्या जानेवारीत नवं फर्मवेअर आलं, तेव्हा कुठे ही तासिका संपली.

त्याहून भारी किस्सा २०१९ चा. एचपीई कंपनीच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी, कायमच्या बंद पडणार होत्या. डेटासकट! हा आकडा असाच नाही आला. उणे आकड्यांचीही सोय ठेवली, तर १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. पुढचा एक तास मोजायला जागाच नाही! कंपनीने इशारा देऊन फर्मवेअर काढलं. तात्पर्य सोडा, अपडेट करा.

वीज गेली? २०११ मध्ये इंटेलच्या ३२० सिरीजच्या काही ड्राइव्ह अचानक वीज गेल्यावर स्वतःला ८ एमबीच्या समजू लागल्या. शेकडो जीबींचा वाडा, उरला कोनाडा! यूपीएसवर पैसे घालणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही.

तब्येत बघायची तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं जपानी सॉफ्टवेअर घ्या. निळा म्हणजे ठणठणीत, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे रामराम. याच्या एका आवृत्तीत शिझुकू नावाची अ‍ॅनिमे मुलगी असते. आपलं ईसीजी कार्टूनच्या हाती!

डीफ्रॅग? एसएसडीला नको. उगाच झीज.

बडोद्याचा मे महिना? तापलेली ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करते. आपण दुपारी करतो तेच.

आणि ही घ्या गुजरात कनेक्शनची फोडणी! १९९१ मध्ये सॅनडिस्कने २० एमबीची फ्लॅश एसएसडी विकली, किंमत सुमारे १,००० डॉलर. आज २० एमबीत मोबाइलचे चार-पाच फोटो मावतील. कंपनीचं तेव्हाचं नाव होतं 'सनडिस्क'. तिच्या संस्थापकांतले कानपूरचे संजय मेहरोत्रा पुढे मायक्रॉनचे प्रमुख झाले, आणि त्याच मायक्रॉनने २०२३ मध्ये अहमदाबादजवळच्या साणंदला मेमरी चिपचा प्रकल्प जाहीर केला. फिरून फिरून भोपळे चौकात, म्हणजे आपल्या अंगणात!

शेवटचं, माहीत आहे का? वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्याच्याच प्राच्य विद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात काढली. देशभर वेगवेगळ्या लिप्यांत पोथ्या विखुरलेल्या होत्या, म्हणून तर ताडून पाहता आल्या. बॅकअप म्हणतात तो हाच. तुमच्या लेकीच्या बारशाचे फोटो किती ठिकाणी आहेत? एकाच? मग कुकर उतरवा आणि आधी कॉपी मारा.