बदल, दुरुस्ती, सुधारणा, फेरफार

छप्पर गळू लागले की आपण ते शाकारतो. भांड्याची कल्हई गेली की पुन्हा कल्हई लावतो. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावतो. विळ्याला धार लावतो, फाटक्या घोंगडीला ठिगळ लावतो. जसे काम, तसा शब्द. कुणी म्हणाले, "विळ्याला जरा कल्हई लाव," तर घरातले लहान पोरही हसेल.

हे शब्द आपल्याला कुणी शिकवले नाहीत. ते हाताबरोबर आले. कागदावरचे शब्द मात्र तसे येत नाहीत. ते शिकावे लागतात. आणि तिथे चुकले तर कुणी हसत नाही, काम अडते. कधी कधी जमिनीवरचे नावही अडते. म्हणून या पाठात आम्ही चार शब्द घेतले आहेत: बदल, दुरुस्ती, सुधारणा आणि फेरफार. चारही शब्दांत जुने जाऊन नवे येते. पण चौघांचा अर्थ एक नाही.

पहिला शब्द बदल. हा सगळ्यांत साधा. वस्तू पहिल्यासारखी राहिली नाही, एवढेच तो सांगतो. बरे झाले की वाईट, ते सांगत नाही. वारा बदलतो, गाडीची वेळ बदलते. "शेजारच्या भाऊंचा स्वभाव फार बदललाय," असे कुणी म्हणाले, की ऐकणारा लगेच विचारतो, "म्हणजे निवळला की बिघडला?" त्याने विचारले, कारण शब्दाने सांगितले नव्हते.

दुसरा शब्द दुरुस्ती. 'दुरुस्त' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा अर्थ बरोबर, ठीकठाक. दुरुस्ती म्हटली की आधी काहीतरी मोडले होते किंवा चुकले होते, असे समजावे. पंपाची दुरुस्ती, रस्त्याची दुरुस्ती. थोडक्यात भागणारी असेल तर तिला डागडुजी म्हणतात.

अर्ज लिहिताना 'बदल' आणि 'दुरुस्ती' यांतला फरक फार कामाचा आहे. समजा, एका बाईचे नाव सावित्री. दाखल्यावर पडले 'सवित्री'. तिने 'नावात दुरुस्ती' मागावी. नाव तेच आहे, लिहिणाऱ्याने काना सोडला. पण कुणाला आपले नावच नवे घ्यायचे असेल, तर तो 'नावात बदल' होतो. त्यासाठी महाराष्ट्रात नवे नाव सरकारी राजपत्रात प्रसिद्ध करून घेतात. एका शब्दाने वाट वेगळी होते, कागद वेगळे लागतात, खर्चही वेगळा येतो.

कायद्याच्या भाषेत मात्र 'दुरुस्ती'चा अर्थ जरा रुंद आहे. कायद्यात काही घातले, काही गाळले किंवा काही बदलले, तरी तिला दुरुस्तीच म्हणतात. पूर्वी आपल्या देशात मत देण्यासाठी एकवीस वर्षे पुरी व्हावी लागत. १९८९ साली एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि अठरा वर्षांच्या मुलामुलींना मताचा हक्क मिळाला. आधीचा आकडा काही लिहिण्यातली चूक नव्हती. लोकांच्या प्रतिनिधींनी विचार करून तो बदलला.

तिसरा शब्द सुधारणा. यात बदल आहेच, शिवाय 'आता पहिल्यापेक्षा बरे आहे' असा निवाडाही आहे. आजाऱ्याच्या प्रकृतीत सुधारणा झाली, म्हणजे त्याला उतार पडला. पण निवाडा आला की विचारावे लागते, हा निवाडा कुणी दिला? धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले. त्यांच्या मनाने ही सुधारणा होती. त्यांच्या मुरूड गावाला तो अधर्म वाटला आणि गावाने त्यांना वाळीत टाकले. लग्न एकच, पण त्याला शब्द दोन. पुढे काळाने कर्व्यांचा शब्द खरा ठरवला.

याच शब्दापासून 'सुधारित' हा शब्द होतो. त्याच्याशी जरा जपून वागावे. 'सुधारित बियाणे' म्हणजे चांगले बियाणे. पण 'सुधारित भाडे' अशी पाटी लागली, तर भाडे चांगले झाले असे समजू नका. बहुधा ते वाढलेले असते! तिथे 'सुधारित' म्हणजे नुसते बदललेले. पाटी वाचून थांबू नये, खालचा आकडाही वाचावा.

चौथा शब्द फेरफार. याला दोन तोंडे आहेत. "त्यानं हिशेबात फेरफार केला," असे आपण बोलतो, तेव्हा त्याने लबाडी केली असे म्हणायचे असते. तलाठ्याच्या दप्तरात मात्र फेरफार हा सरळ, कायदेशीर शब्द आहे. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) जमिनीवर कुणाचा हक्क बदलला, की त्याची नोंद फेरफाराच्या वहीत होते. ही वही म्हणजे गाव नमुना सहा. ती नोंद मंजूर झाली, की सातबारा बदलतो.

बाप वारला, तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. मग नोटीस निघते, आणि ती चावडीवरही लागते. कुणाची हरकत असेल, तर पंधरा दिवसांत सांगायची असते. हरकत तोंडी सांगितली तरी चालते, आणि ती घेतल्याची लेखी पोच देणे हे तलाठ्याचे काम आहे. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी कागद पाहून नोंद मंजूर करतात.

आता विचार करा. चावडीवर 'फेरफाराची नोटीस' लागली आहे. ज्याला या शब्दाचा बोलण्यातला अर्थच ठाऊक आहे, तो म्हणेल, "कुणीतरी लबाडी केलेली दिसते, आपल्याला काय करायचं?" आणि पुढे जाईल. त्या कागदावर त्याच्याच बापाचा गट नंबर असू शकतो. बहिणीचे नाव वारसांत घातले आहे की गाळले आहे, हेही त्याच कागदावरून कळते. पंधरा दिवस गेल्यावर दाद मागता येते, पण मग अपील, हेलपाटे आणि खर्च.

हे चारही शब्द एकाच ठिकाणी भेटतात, असे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. त्या वेळच्या मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला. १९५६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ या दिवसापासून, कायद्याच्या अटींत बसणारी कुळे कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानली गेली. किंमत ठरवून ती हप्त्यांनी भरण्याची सोय होती. कसणाऱ्याच्या घरी ही मोठी सुधारणा होती. ज्याची जमीन गेली, त्याला ती तशी वाटली नसेल. आणि सातबाऱ्यावर कुळाचे नाव मालक म्हणून लागायचे, तर फेरफार व्हावाच लागे. कायद्याने दिलेला हक्क कागदावर उतरतो तो असा.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यांपैकी कोणताही शब्द कागदावर दिसला, की तीन गोष्टी विचाराव्या. आधी काय होते? आता काय झाले? आणि ते कुणाच्या सोयीचे झाले? ही तीन उत्तरे मिळाल्यावाचून सही करू नये, अंगठा तर नाहीच नाही.

सांगा पाहू:
१. 'गणपत'चे 'गनपत' पडले, तर अर्जात कोणता शब्द लिहाल?
२. 'सुधारित पाणीपट्टी' अशी पाटी दिसली, तर पुढे काय वाचाल?
३. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर फेरफाराचे कोणते क्रमांक आहेत, ते वाचून वहीत लिहा.