रीस्टार्टआधीचा पंचनामा

संगणक अडला की तो बंद करून पुन्हा चालू करायचा, हा आपल्या काळातला सर्वमान्य उपाय आहे. तो बहुतेक वेळा लागू पडतो आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. काम पुढे सरकले की कारण शोधण्याची गरज कुणाला वाटत नाही. चालू यंत्राची त्या क्षणाची सारी अवस्था रॅममध्ये असते: कोणता प्रोग्राम कशाची वाट पाहत थांबला आहे, कुणी किती मेमरी अडवून ठेवली आहे, कोणता गणक कुठवर पोहोचला आहे. रीस्टार्ट ही अवस्था पुसून टाकतो आणि यंत्र ठरलेल्या, तपासलेल्या आरंभापासून नव्याने निघते. बिघाड जातो, पण त्याच्याबरोबर बिघाडाचा पुरावाही जातो. पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढावी, तसा हा प्रकार आहे. रीस्टार्ट करूच नये असे कुणी म्हणणार नाही. मात्र त्याआधी एक नोंद हवी आणि ती ठेवण्याची जबाबदारी तंत्रज्ञापेक्षा यंत्र वापरणाऱ्यावर अधिक आहे, हे गेल्या काही दशकांतल्या गाजलेल्या बिघाडांकडे पाहिले की पटते.

काही दोष केवळ यंत्र फार काळ चालू राहिल्यामुळे वर येतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या गणकात मोजले जात. त्याची मर्यादा सुमारे ४२९ कोटी, म्हणजे ४९.७ दिवस. तेवढा काळ अखंड चाललेले यंत्र गोठू शकत असे. घरोघरची यंत्रे त्याआधीच कितीतरी वेळा बंद होत, त्यामुळे हा दोष सहज झाकला जाई. याच जातकुळीचा दोष पुढे विमानात सापडला. बोइंग ७८७ चा वीजपुरवठा २४८ दिवस सलग चालू राहिला तर चारही मुख्य जनित्रांचे नियंत्रक एकाच वेळी काम थांबवू शकतात, असे चाचणीत आढळले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने आदेश काढला, की ती मुदत भरण्याआधीच वीज तोडून पुन्हा जोडावी. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा, चिन्हासह ३२ बिटांचा गणक भरायलाही तेवढेच दिवस लागतात. इथेही उपाय रीस्टार्टचाच आहे. पण तो किती दिवसांच्या आत करायचा, हे माहीत आहे.

ही मुदत माहीत नसली की काय होते, ते १९९१ च्या आखाती युद्धात दिसले. शत्रूची क्षेपणास्त्रे हवेतच अडवणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. २४ बिटांत ती कापली की अतिसूक्ष्म चूक उरते, आणि यंत्रणा जितकी जास्त वेळ चालू राहील तितकी ती साचत जाते. सलग आठ तास चाललेल्या यंत्रणेचा नेम सरकतो, हे इस्रायलने नोंदवलेल्या माहितीतून पुढे आले आणि ११ फेब्रुवारीला ते अमेरिकी सैन्याला कळले. २१ तारखेला तुकड्यांना संदेश गेला, की यंत्रणा फार वेळ सलग चालवल्यास अडचण येऊ शकते. फार वेळ म्हणजे किती, हे संदेशात नव्हते. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या धहरान इथली यंत्रणा शंभराहून अधिक तास सुरू होती आणि तिचे घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकले होते. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्या दिवशी आलेले इराकचे स्कड अडवले गेले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. दुरुस्त प्रोग्राम दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचला. रीस्टार्टला लागला असता एक-दीड मिनिट.

याच्या नेमके उलट चित्र मंगळावर दिसले. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांतच आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी महत्त्वाचे काम एक सामाईक साधन अडवून बसे. त्याची वाट पाहत एक फार महत्त्वाचे काम थांबे, आणि मधल्या दर्जाची कामे या दोघांनाही पुढे सरकू देत नसत. मुदत टळली की यानाची देखरेख यंत्रणा सगळे बंद करून पुन्हा सुरू करी. यान वाचले ते या रीस्टार्टमुळेच. पण रोग कळला तो दुसऱ्या एका निर्णयामुळे: घटनांचा माग नोंदवणारी सोय अभियंत्यांनी उड्डाणाआधी काढून टाकली नव्हती. त्या आधारावर कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत यानाच्या प्रतिकृतीवर तोच बिघाड पुन्हा घडवला गेला आणि एक बंद ठेवलेला पर्याय चालू करण्याची आज्ञा मंगळावर पाठवली गेली. हा बिघाड उड्डाणपूर्व चाचण्यांतही डोकावला होता. तेव्हा तो पुन्हा घडवता आला नाही, म्हणून मागे पडला.

रीस्टार्टआधी नोंद हवी, या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द संगणकशास्त्रातून येतो. संगणक बनवणाऱ्या टँडेम कंपनीतल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का बंद पडतात याचा अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे असे, की वापरात स्थिरावलेल्या प्रोग्राममधले बहुतेक दोष क्षणिक असतात. तेच काम पुन्हा करायला घेतले की ते सहसा दिसत नाहीत. मग कारण शोधत बसण्यापेक्षा चटकन रीस्टार्ट करणेच शहाणपणाचे नाही का? पुढे २००३ मध्ये जॉर्ज कँडिया आणि अरमांडो फॉक्स यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. प्रोग्राम मुळातच असे लिहावेत, की कोसळणे हाच त्यांचा थांबण्याचा आणि त्यातून सावरणे हाच सुरू होण्याचा मार्ग असेल. हे सारे मान्य. मात्र ग्रे यांचा निष्कर्ष आला कुठून? छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या प्रोग्रामच्या जपून ठेवलेल्या नोंदींतून. त्यांतल्या १३२ दोषांपैकी एकच दोष ठाम, पुन्हा पुन्हा घडणारा निघाला. रीस्टार्ट पुरेसा आहे हे सिद्ध करायलाही आधी नोंदवही लागली.

दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणूस अभियंता नाही आणि आजची यंत्रे त्याला उघडताही येत नाहीत. पण दुरुस्ती करणे आणि दोष दाखवून देणे ही दोन वेगळी कामे आहेत. १९९४ मध्ये पेंटियम चिपच्या भागाकारातली चूक थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी पकडली. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना त्यांची उत्तरे जुळेनात. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग तो यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर, मग बाकीचे सुटे भाग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल पाहायचा, या क्रमाने काही महिन्यांनी संशय चिपवर येऊन थांबला. जुन्या ४८६ यंत्रावर तेच गणित बरोबर येत होते. दोष होता चिपमधल्या एका कोष्टकातल्या पाच गाळलेल्या नोंदींचा. इंटेलने अखेर चिपा बदलून दिल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला. नाइसली यांनी चिप उघडली नव्हती, त्यांनी शक्यता एकेक करून बाद केल्या होत्या.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या पडद्यावरही असा एक दोष रोज असतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातले ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते: नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’, किंवा साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाला आहेत. त्यामुळे चारशे पानांच्या अंकात शब्द समोर दिसत असतो आणि शोधल्यावर सापडत नाही. इथे रीस्टार्टचा काहीच उपयोग नाही. मजकुरातला शब्द उचलून शोधचौकटीत चिकटवला तर सापडतो आणि हाताने टाइप केला तर सापडत नाही, एवढे पाहिले की दोष शोधण्याच्या सोयीत नसून अक्षरांच्या साठवणीत आहे हे कळते. हे निदान मुद्रितशोधकही करू शकतो.

तिसरा आक्षेप वेळेचा. प्रत्येक बारीकसारीक अडथळ्याचे मूळ खणत बसलो तर कामे कधी करायची? ते करूच नये. पहिल्यांदा बिघडले तर त्रुटीच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढावा, नुकतेच काय बसवले किंवा बदलले ते लिहावे आणि खुशाल रीस्टार्ट करावे. तोच बिघाड पुन्हा आला तर मात्र या नोंदी समोर ठेवून शोध घ्यावा. यंत्रही स्वतःची दैनंदिनी ठेवते: विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये किंवा मॅकच्या कन्सोलमध्ये ती वाचता येते. शिवाय रीस्टार्ट खरोखर झाला का, हेही पाहायला हवे. विंडोज ८ पासूनच्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. बंद करून चालू केले तरी जुनी अवस्था शिल्लक राहू शकते. ‘रीस्टार्ट’ निवडला तरच गाभा नव्याने सुरू होतो.

खरा रीस्टार्टही दरवेळी पुरत नाही: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावत फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रीस्टार्ट केला की तीच फाइल पुन्हा वाचली जाई आणि यंत्र पुन्हा कोसळे. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढणे हा उपाय होता. ज्यांच्या डिस्का कुलूपबंद होत्या, त्यांना त्यासाठी आधी लिहून ठेवलेली रिकव्हरी की लागली. म्हणजे सुटका पुन्हा नोंदीवरच आली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस दिमतीला आहेत, पण ‘चालत नाही’ एवढेच सांगितले तर तेही सर्वसाधारण यादीच पुढे करणार. वैयक्तिक सवयीपुरते हे थांबत नाही. दाखले, प्रवेश, पीकविमा, पेन्शन असे सारे व्यवहार पडद्यामागे गेले असताना ‘सर्व्हर डाउन आहे’ हे उत्तर नागरिकाला निरुत्तर करते, कारण त्यात वेळ नाही, संदेश नाही आणि जबाबदारीही नाही. प्रत्येक खिडकीवर बिघाडाची तारीख, वेळ आणि पडद्यावरचा मजकूर लिहिणारी साधी वही सक्तीची केली, तर दुरुस्ती करणाऱ्याला पुरावा मिळेल आणि रांगेतून परत फिरणाऱ्याला आपल्या हेलपाट्याचा दाखला.