शाळेची वीज कुठे गळते?

पाट मध्येच फुटला तर शेवटचा वाफा कोरडा राहतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शाळेच्या विजेचेही तसेच आहे.

बीदर-कलबुर्गी भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. शहाबादी फरशीच्या छपराखाली बसलेल्या मुलांचे पंखे बंद करणे ही काटकसर नव्हे. त्याने मुले आजारी पडतील. गळती दुसरीकडे शोधावी.

प्रथम मीटर पाहावा. शाळा सुटताना आकडा लिहून ठेवावा व सकाळी पुन्हा पाहावा. आकडा बराच पुढे गेला असेल, तर रात्री काहीतरी विनाकारण चालू राहिले असे समजावे.

आता हिशेब. १००० वॅट तासभर वापरले की एक युनिट होते. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. दहा वर्गांतले वीस पंखे जेवणाच्या सुट्टीत रिकामेच फिरले, की तासाला दीड युनिट गेले. टाकी भरून वाहत असताना दोन अश्वशक्तीचा पंप तासभर चालला, तर त्याहूनही अधिक. म्हणून पंपासाठी एक जबाबदार माणूस आणि प्रत्येक वर्गात एक विद्यार्थी नेमावा.

उन्हाळ्यापूर्वी छपरावर चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरे छप्पर कमी तापते. जुना पंखा जळाल्यास रिवाइंडिंग न करता बीएलडीसी पंखा घ्यावा. त्याला सुमारे ३० वॅट पुरतात.

दर शनिवारी मीटरचा आकडा फळ्यावर लिहावा. मुले तो घरी सांगतील, आणि मग आपल्या विहिरीवरच्या पंपाकडेही आपले लक्ष जाईल.