पाळी सुटल्यावरची पदवी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात दुसरी पाळी रात्री अकराच्या पुढे सुटते. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या बहुतेकांचा डोळा लागतो. त्यातला एक जण मात्र कानात इअरफोन घालून संख्याशास्त्राचं लेक्चर ऐकत असतो, तेही दीडपट वेगानं. बसमध्ये नुसतं ऐकून घ्यायचं आणि घरी जेवण झाल्यावर तेच लेक्चर वही घेऊन पुन्हा बघायचं, ही त्याची रीत. व्हीएमसी मशीनवर तो सेटर आहे. वय चाळिशीला टेकलेलं. बारावी सायन्स झाल्यावर घरची ओढाताण बघून कामाला लागला, तो लागलाच. आता तो आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बी.एस.ला आहे.

मी संगणक शिकवतो. नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम करणारी ओळखीतली काही माणसं रात्री व्हिडिओ कॉलवर जमतात आणि मी त्यांच्या शंकांना बसतो. सेटर आहे, एका पतसंस्थेतल्या ताई आहेत आणि साताऱ्याकडचे एक हवालदार आहेत. त्यांना सगळे ‘फौजी’च म्हणतात. त्यांचा अभ्यास मी इतक्या जवळून बघतोय की ‘ऑनलाइन डिग्री काय, घरबसल्या मिळते’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

हा अभ्यासक्रम 2020 मध्ये जाहीर झाला. जेईईची अट नाही, वयाची नाही. बारावी झालेली असावी आणि दहावीला गणित व इंग्रजी असावं. पण दार उघडं असलं तरी उंबरठा आहेच. आधी चार आठवडे शिकायचं, गृहपाठ करायचे, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची. पास झालात तर प्रवेश. पुढे वर्षात तीन सत्रं. एका सत्रात झेपतील तेवढेच विषय घ्यायचे आणि फी तेवढ्याच विषयांची भरायची. पूर्ण बी.एस. 142 क्रेडिटची. मध्येच थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत. पायाभूत टप्प्याचं प्रमाणपत्र, मग डिप्लोमा, 114 क्रेडिटला बी.एससी., असे थांबे आहेत. हे थांबे मला सगळ्यात माणुसकीचे वाटतात. आपल्याकडे नोकरदाराचं शिक्षण एकदा सुटलं की आधी केलेलंही वाया जायचं.

पहिल्या टप्प्यातला ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’ हा विषय मला शिक्षक म्हणून फार आवडतो. त्यात सुरुवातीला संगणकच नसतो. असतात कार्डं. किराणा बिलांची, विद्यार्थ्यांच्या गुणांची, एखाद्या परिच्छेदातल्या शब्दांची. कार्डांचा एक गठ्ठा. वरचं कार्ड उचला, वाचा, हवी ती नोंद करा आणि दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवा. पहिला गठ्ठा संपेपर्यंत हेच. यालाच पुढे प्रोग्रॅमिंगमध्ये लूप म्हणतात. कॉलेजची मुलं इथे हमखास अडखळतात. नोंद ठेवायचा रकाना सुरू होण्याआधी शून्य करायचा, हेच विसरतात. सेटर अडखळला नाही. ‘सर, हे तर आमच्या इन्स्पेक्शनच्या ट्रेसारखं आहे,’ तो म्हणाला. ‘डावीकडे तपासायचे जॉब, उजवीकडे तपासलेले. पाळी बदलली की काउंटर शून्य करायचा, नाहीतर आधीच्या पाळीचे जॉब आपल्या नावावर चढतात.’

पायथनचा मात्र त्याला त्रास झाला. एक ते दहा मोजायला त्यानं ‘रेंज’मध्ये एक आणि दहा लिहिलं आणि मोजणी नऊवरच थांबली. शेवटचा आकडा धरला जात नाही, हे मी सांगून मोकळा झालो असतो. त्यानं सांगू दिलं नाही. तपासणीच्या जुन्या कागदाची मागची कोरी बाजू घेतली, उभ्या रेघा ओढल्या, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना दिला आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ स्वतः चालवून आकडे भरत गेला. कागद कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, ‘दहा आला की आत शिरतच नाही.’ पुढच्या प्रत्येक चुकीसाठी तो हाच कागदी रस्ता धरतो. वेळ जातो, पण एकदा सापडलेली चूक पुन्हा होत नाही.

आता वेळेचं. चार क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास धरावे लागतात. दोन विषय म्हणजे वीस. कारखान्यात सहा दिवस आठ तासांची पाळी, जाण्यायेण्याचा प्रवास, महिनाअखेरीचा ओव्हरटाइम. हे वीस तास आणायचे कुठून? ताई पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठतात. सेटरच्या मुलीचा अभ्यास आता त्याची बायको घेते, गावाकडचं लग्नकार्यही तीच एकटी उरकून येते. ‘सवडीनं शिका’ असं जाहिरातीत वाचायला बरं वाटतं, पण त्या माणसाला सवड नसतेच. घरातल्या कुणीतरी आपल्या वाट्याची सवड त्याला दिलेली असते. पदवीवर तिचं नाव येत नाही.

फौजींची गोष्ट वेगळी. चिंता आहे ती पेन्शनीनंतरच्या वर्षांची. शिपाई-हवालदार माणूस चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुलं शाळेत असतात, अंगात ताकद असते आणि समोर दिसते ती सिक्युरिटीची नोकरी. त्यांना ती नको आहे. पोस्टिंगच्या ठिकाणी नेटवर्क असेलच असं नाही, म्हणून लेक्चरं आधीच उतरवून ठेवतात. खरी पंचाईत झाली ती कॅमेऱ्याची. प्रोग्रॅमिंगची एक परीक्षा घरबसल्या, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होते. लष्करी हद्दीत कॅमेरा सुरू ठेवून बसणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी रजेचं गणित जुळवून ती गावाकडे, माडीवर बसून दिली.

सत्रात दोन क्विझ आणि एक अंतिम परीक्षा, आणि या तिन्ही केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायच्या. इथे अभ्यासक्रम आखणाऱ्यांचा शहाणपणा दिसतो. बऱ्याच विषयांत गुणांचं सूत्र असं आहे की दोन क्विझपैकी एखादी बुडाली तरी चांगल्या क्विझचा आधार मिळतो. फौजींची एक क्विझ ड्यूटीमुळे गेली, विषय मात्र सुटला. लवचीकपणा हवा तो असा. प्रश्नपत्रिका सोपी झाली नाही, अंतिम परीक्षाही चुकली नाही. माणसाचं आयुष्य तेवढं हिशेबात धरलं गेलं.

डिप्लोमाला प्रोजेक्ट असतो. वेब अॅप स्वतः बांधायचं आणि मग ऑनलाइन तोंडी परीक्षा. ताईंची तोंडी झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. परीक्षकांनी अॅप चालवून पाहिलं आणि म्हणाले, ‘या टेबलमध्ये आत्ता एक नवा रकाना घाला आणि तो पानावर दाखवा.’ समोर कॅमेरा, परीक्षक गप्प. ताईंनी डेटाबेसचा भाग बदलला, फॉर्म बदलला, पान उघडलं तर एरर. त्यांनी एररची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, चुकलेलं नाव दुरुस्त केलं आणि रकाना दिसला. दुसऱ्याकडून करून घेतलेला प्रोजेक्ट अशा वेळी उघडा पडतो.

एक गोष्ट इच्छुकांना स्पष्ट सांगतो. ही बी.एस. आहे, बी.ई. किंवा बी.टेक. नाही. इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणानं घेता येत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पत्रद्वारा दिल्या जाणाऱ्या तांत्रिक शिक्षणाला नकार दिला आणि काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्या अडचणीत आल्या. त्या घेणारे बरेचसे नोकरी करूनच शिकलेले होते. तेव्हा दुसऱ्या कुठल्या संस्थेच्या दूरशिक्षण पदवीला पैसे भरण्याआधी त्या संस्थेचा तोच अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा. एजंटच्या तोंडी भरवशावर जाऊ नका. इंजिनिअरिंगच हवं असेल तर नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत कॉलेजात चालणारे, एआयसीटीई-मान्य वर्ग शोधा.

सैन्यातल्यांसाठी एक वेगळं पाऊलही पडलं आहे. अग्निवीरांसाठी इग्नूची तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी 2022 मध्ये जाहीर झाली. त्यात निम्मी क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाची धरली जातात. शिकलेलं कुठे शिकलं यापेक्षा काय शिकलं याला किंमत देणारा हा विचार मला पटतो. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या पोरांना त्याची गरज आहे. पण उरलेल्या निम्म्यासाठी पुस्तक, नेटवर्क आणि मोकळे चार तास त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजेत.

म्हणून शिफ्ट इनचार्ज, शाखाधिकारी आणि कमांडिंग अधिकारी यांना एक मागणं आहे. क्विझ आणि अंतिम परीक्षेच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर होतात, आणि साधारणपणे त्या रविवारी असतात. तुमच्या हाताखालचा माणूस त्या तारखांचा कागद घेऊन आला, तर वर्षातल्या तेवढ्या रविवारांची पाळी बदलून द्या.