‘तुला घेणार नाही, जा!’

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत, वस्तीच्या बोळात किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर तीन-चार वर्षांची मुले जमली, की थोड्याच वेळात एक वाक्य हमखास ऐकू येते : “तुला घेणार नाही, जा!” ज्याला घेतले नाही ते पोर भिंतीला टेकून उभे राहते, नाहीतर रडत घरी येते. कामावरून दमून आलेली आई म्हणते, “जाऊ दे, तू घरातच खेळ.” आम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. मग आपल्याच ओट्यावर मुलाला बाजूला सारले जात असताना आपण गप्प का राहावे?

मात्र नकार देणारे मूल दुष्ट असते, असे समजू नये. बालवाडीतील मुलांचे खेळ बारकाईने पाहणारे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांना असे दिसले, की लहानांचा डाव फार नाजूक असतो. तो मोडेल या भीतीने मुले नव्याला आत घेत नाहीत. भातुकलीचा भात चुलीवर असताना कोणी येऊन “मला पण, मला पण” करू लागला, की सगळे विस्कटते. म्हणून बाहेरच्या मुलाला आत शिरण्याची रीत शिकवावी. आधी काय चालले आहे ते पाहायचे. मग शेजारी बसून तेच करायचे. मग खेळाच्या उपयोगी पडायचे : “मी बाजारातून भाजी आणली.” भाजी आणणाऱ्याला सहसा कोणी हाकलत नाही.

मोठ्यांनीही “घ्या रे त्याला!” असे दरडावू नये. त्याने मुले नाइलाजाने घेतात आणि आपली पाठ वळताच काढून टाकतात. त्याऐवजी विचारावे, “तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कोण? तुमच्या बसला कंडक्टर आहे का?” काम मिळाले की जागा आपोआप होते.

आपल्याकडे तर ही सोय पूर्वापार आहे. लपंडावात धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ करतात. तो पळतो, लपतो. सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांचा खेळ मोडत नाही आणि लहानगाही बाहेर राहत नाही. पण खेळ समजू लागला की त्याला खरा गडी करावा. पायाने अधू असलेल्या मुलाला तर कायमचा लिंबू करूच नये. सर्वांनीच बसून चेंडू घरंगळवण्याचा खेळ काढावा.

शिकागोच्या बालवर्गातील शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी वर्गात नियमच केला, की कोणालाही ‘तू खेळायचे नाहीस’ असे म्हणायचे नाही. त्याआधी त्यांनी आपल्या मुलांशी आणि वरच्या वर्गांतील मुलांशीही चर्चा केली. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1992 साली निघाले. असा नियम अगदी लहानपणापासूनच लावायला हवा, असे मोठ्या मुलांकडूनही त्यांना ऐकायला मिळाले. आपल्या अंगणवाडीत, गल्लीत हा नियम लावायला पैसा लागत नाही. चालू डाव पुरा होऊ द्यावा, पुढच्या डावात मात्र सर्वांना घ्यायचे, एवढे ठरवले तरी पुरे.

एका नकाराकडे मात्र लगेच लक्ष द्यावे. “ती काळी आहे”, “त्याचे कपडे घाण आहेत”, “ते आमच्यातले नाहीत” अशी कारणे मूल बहुधा मोठ्यांच्या तोंडून उचलते. नव्या भाडेकरूच्या, परप्रांतातून आलेल्या मजुराच्या किंवा दारुड्याच्या मुलांबद्दल “त्यांच्यात जाऊ नकोस” असे आपण दाराशी बोलतो. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य ओट्यावर ऐकू येते. ते बदलायचे तर सुरुवात पोरांपासून नव्हे, घरातल्या बोलण्यापासून करावी लागेल. ती आई आणि वडील, दोघांनीही करावी.